सामान लादून जंगलातला घाट चढताना: किलोमीटर बाजूला ठेवा, उंची आणि उजेड मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सपाट रस्त्यावर दिवसाला शंभर किलोमीटर सायकल सहज होते, वर्षभराचा सराव आहे. आता तंबू आणि सामान घेऊन दाट झाडीच्या डोंगराळ भागातून सहा दिवस एकट्यानं फिरायचं आहे. रोजचे ८० किलोमीटर धरले आहेत. जमेल का, सायकलीत काय बदलावं लागेल आणि जंगलात कशाची काळजी घ्यावी?

जमेल. पण ८० चा आकडा आधी खोडून टाका. वीस-बावीस वर्षं मी सामान लादून डोंगरात सायकल चालवते आहे, आणि नव्या माणसाची सफर बिघडते ती बहुतेक वेळा घरी बसून लिहिलेल्या या आकड्यामुळेच. सपाटीवर किलोमीटरवरून दिवसाचा अंदाज येतो. डोंगरात त्यावरून काहीच कळत नाही. तिथे दोनच गोष्टी मोजायच्या: किती मीटर उंची चढायची आहे आणि उजेड किती तास आहे.

हिशेब करून बघू. तुमचं वजन ७० किलो धरलं, सायकल १५ आणि पाण्यासकट सामान १५, तर एकूण १०० किलो वर न्यायचे आहेत. बोलता येईल इतपत दम राखून चढलात तर तासाला ३०० ते ४०० मीटर उंची मिळते. पहिल्या सफरीला ३०० च धरा. समजा दिवसात ६० किलोमीटर आहेत आणि त्यात १२०० मीटर चढ आहे. साधारण पाच टक्क्यांचा चढ (शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटर वर) म्हणजे २४ किलोमीटर नुसतं चढणं, त्याला चार तास. तेवढाच उतार धरला तर एक तास, उरलेल्या सपाटीला पाऊण-एक तास. सहा तास चाकावर झाले. खाणं, पाणी भरणं, कपडे बदलणं, रस्ता बघणं, थोडं टेकणं यात दोन तास जातातच. म्हणजे ६० किलोमीटरचा दिवस आठ तासांचा झाला. त्याच डोंगरात ८० किलोमीटर म्हणजे दहा तासांच्या वर. एखादा दिवस निघेल. सलग सहा दिवस निघणार नाहीत, आणि पंक्चर, पाऊस, चुकलेलं वळण यांना जागाच उरणार नाही.

माझा सल्ला: पहिले दोन दिवस ७०० ते ८०० मीटर चढाईचे ठेवा, मग हजार-बाराशेवर जा, आणि चौथा दिवस अर्धा ठेवा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मांड्या दगडासारख्या होतात. त्यानंतरचा अर्धा दिवस पुढचे दोन दिवस वाचवतो. नकाशावर चढ बघताना सरासरीवर विश्वास ठेवू नका. 'सरासरी ५ टक्के' असं लिहिलेल्या घाटात तीन किलोमीटर जवळजवळ सपाट आणि मग एक किलोमीटर १२ टक्क्यांचा, असं असू शकतं. उंचीचा आलेख किलोमीटरगणिक वाचा आणि सर्वांत खडा तुकडा दिवसाच्या कितव्या तासाला येतोय ते लिहून ठेवा. सकाळी नऊला येणारा १२ टक्के आणि दुपारी चारला येणारा १२ टक्के हे दोन वेगळे चढ आहेत.

आता सायकल. एकच गोष्ट बदलायला पैसे असतील तर गिअर बदला. सामान लादलेल्या सायकलीला पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चक्रापेक्षा कमी हवेत. हे का, ते आकड्यांत सांगते. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वाच्या जवळपास फिरतं. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तरी वेग ताशी ९ किलोमीटर होतो, आणि ८ टक्क्यांच्या चढावर १०० किलो त्या वेगानं न्यायला सुमारे २२० वॅट लागतात. हौशी माणूस एवढा जोर काही मिनिटं लावतो, तासन् तास नाही. तोच चढ पुढे २६ आणि मागे ३६ घेऊन चढा: ६० फेऱ्यांना वेग ताशी साडेपाच, आणि लागतात सुमारे १३० वॅट. वेग कमी झाला, पण दिवसभर पुरेल असा झाला, आणि गुडघे वाचले. डोंगरात गुडघा दुखायला लागला की गोळी घेऊन पुढे जाता येत नाही. सफर तिथेच संपते.

हलका गिअर लावण्यात कमीपणा वाटणारे बरेच भेटतात. त्यांना मी पॉल द विव्ही या फ्रेंच माणसाबद्दल सांगते. 'वेलोसिओ' या नावानं ओळखला जाणारा हा सायकलस्वार १८५३ मध्ये जन्मला आणि १९३० मध्ये वारला. डोंगरात फिरायचं तर बदलते गिअर हवेत, हे तो आयुष्यभर सांगत राहिला आणि स्वतः चालवून दाखवत राहिला. तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या स्पर्धकांना डिरेलरची, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेची, परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, तो गेल्यावर सात वर्षांनी. ज्या गोष्टीला व्यावसायिक खेळाडूंनाही इतकी वाट बघावी लागली ती आज कोणालाही सहज मिळते, तर घ्या ती. मात्र मागची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) मोठी करण्याआधी तुमच्या डिरेलरला किती दात्यांपर्यंत झेपतं ते मेकॅनिककडून तपासून घ्या, आणि चेनची लांबीही बदलावी लागते हे विसरू नका. चढ सुरू होण्याआधी गिअर उतरवा. पाय जड झाल्यावर जोर लावत गिअर पाडला की चेन उडते किंवा तुटते. आणि उतरून ढकलावं लागलं तर ढकला. ताशी चारनं ढकलणं आणि ताशी साडेपाचनं चढणं यात फार फरक नाही, पाठीला मात्र आराम मिळतो.

टायर ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद घ्या. जंगलातले रस्ते खडबडीत असतात, आणि रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, त्यामुळे ओल्या जागी पकड मिळते. मागच्या चाकाला ३२ किंवा ३६ स्पोक हवेत. सामानाचा भार मागे येतो आणि कॅसेटच्या बाजूचा स्पोक सर्वांत आधी तुटतो. त्या लांबीचे दोन-तीन स्पोक फ्रेमला चिकटवून ठेवा. जड वस्तू खाली आणि आसाच्या जवळ, हलक्या वर. सगळं मागे लादलं तर खड्या चढावर पुढचं चाक हलकं होऊन हँडल भरकटतं.

उतारावर मी जास्त वेळ देणार आहे, कारण लोक चढाची तयारी करतात आणि उतार आपोआप होईल असं समजतात. १०० किलो ५०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती दीड लिटर थंड पाणी उकळायला जवळजवळ पुरेल. त्यातला काही भाग वारा खातो, बाकीची ब्रेकमध्ये जाते. हळूहळू उतरताना वारा फार मदत करत नाही, म्हणून घाबरून सतत ब्रेक धरून उतरणाऱ्याचे ब्रेक सर्वांत जास्त तापतात. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला धरणारा) असेल तर ती कडा, म्हणजे रिम, तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला धरणारा) असेल तर पॅडवर चकाकी येते आणि पकड जाते. ऑइलच्या ब्रेकमध्ये ऑइल उकळलं तर लिव्हर हँडलपर्यंत मऊ जाते.

पद्धत अशी: सरळ तुकड्यावर ब्रेक पूर्ण सोडा आणि ताठ बसा, म्हणजे छातीवर वारा घेऊन वेग थोडा आटोक्यात राहतो. वळणाआधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग खाली आणा आणि वळणात शिरताना सोडा. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, त्याला घाबरू नका. पण ओल्या पानांवर, खडीवर आणि वळणाच्या आत त्याला हात लावू नका. वळणात आतला पाय वर, बाहेरचा खाली, त्या पायावर वजन. नजर चाकासमोर न ठेवता वळण जिथे संपतं तिथे ठेवा. मोठ्या उतारावर दर तीनशे-चारशे मीटर उंचीला पाच मिनिटं थांबा. थांबल्यावर रोटरला, म्हणजे डिस्क ब्रेकच्या चकतीला, बोट लावू नका, कातडी चिकटते. ओल्या रिमवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ब्रेक लागतच नाही, म्हणून पावसात आधीपासूनच हलकेच दाबून पाणी पुसत राहा. पॅडची एक जोडी जादा हवीच: ओली वाळू आणि चिखल असेल तर नवे पॅड काही दिवसांतच झिजलेले मी पाहिले आहेत.

उतारावरचा दुसरा शत्रू थंडी. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं; त्यात घामानं भिजलेला शर्ट आणि ताशी तीसचा वारा. एकदा संध्याकाळी खिंडीत पोचले तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या, थंडी वाटतच नव्हती, म्हणून तशीच खाली सुटले. धुक्यातून उतरत होते. दहा मिनिटांत हातमोज्यांतून पाणी गळायला लागलं आणि एका वळणाआधी ब्रेक दाबायला गेले तर बोटं वाकेनात. डोळ्यांना लिव्हरवर बोटं दिसत होती, पण ती माझी वाटत नव्हती. दोन्ही तळव्यांनी लिव्हर हँडलकडे ओढून, वळणाच्या आतल्या मातीच्या बांधाला सायकल घासत थांबवली. मग बोटं काखेत घालून वीस मिनिटं तिथेच उभी राहिले. पुन्हा जाणीव आली तेव्हा आधी दुखलं, मग हातमोज्याची शिवण लागायला लागली. तेव्हापासून सुके हातमोजे आणि एक सुका थर प्लॅस्टिकच्या पिशवीत सर्वांत वर असतो, आणि माथ्यावर पोचले की गरम वाटत असलं तरी अंगात घालते. थंडी वाजायची वाट बघू नका. खिंडीत थांबलात की आधी कपडे, मग फोटो.

आता जंगल. उघड्या डोंगरापेक्षा ते कुठे वेगळं पडतं? पहिला फरक उजेडाचा. झाडांतून पडणारं ऊन रस्त्यावर ठिपके पाडतं, आणि त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत खड्डा, मूळ, दगड सगळं लपतं. उन्हातून सावलीत शिरताना डोळे सरावायला वेळ घेतात, आणि ताशी तीसच्या वेगात एका सेकंदाला आठ मीटर जातात. म्हणून काळा चष्मा काढा, पारदर्शक किंवा फिका लावा, आणि सावलीच्या कडेआधी वेग कमी करा. दुसरं, दाट झाडीत ऊन पोचत नाही त्या वळणांवर शेवाळं धरतं. दोन दिवस पाऊस नसला तरी तो पट्टा ओला असतो. हिरवट-काळी चकाकी दिसली की त्यावरून सरळ जा, वळू नका, ब्रेक मारू नका. पाचोळ्याखाली काय आहे ते दिसत नाही. त्यावरून जाताना जाड पानांचा थर म्हणजे खाली खळगा, असं समजून चाला.

तिसरा फरक काटक्यांचा, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हातभर लांबीची वाळकी काटकी चाकात अडकते, फिरत मागे जाते आणि डिरेलर ओढून नेते. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर फ्रेम वाचवण्यासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, म्हणून तो वाकतो किंवा तुटतो. हँगरचा आकार बऱ्याचदा सायकलीगणिक वेगळा असतो. जंगलाच्या मधोमध तो मिळत नाही. तुमच्या सायकलीचा जादा हँगर जवळ ठेवा, वजन नखाएवढं आहे. काटकी अडकल्याचा आवाज आला की त्या क्षणी पॅडल थांबवा. पुढे अर्धा फेरा मारलात तर मोडलंच.

दुरुस्तीच्या पिशवीत दोन ट्यूब, पॅच, पंप, चेन तोडायचं हत्यार, चेनची जोडकडी, अॅलन चाव्या, टायर फाटला तर आतून लावायला जाड तुकडा, केबल टाय आणि जुळणारे बोल्ट एवढं हवं. बोल्टवर जोर देते आहे, कारण खडबडीत रस्त्यावर कॅरिअरचे बोल्ट सुटतातच. माझा एक असाच उतारावर पडला आणि पिशवी चाकाला घासायला लागली. बाटलीच्या स्टँडचा बोल्ट काढून तिथे लावला, चपखल बसला. बहुतेक सायकलींवर दोन्हीकडे एम५ (पाच मिलिमीटर जाडीचं) मापच असतं. रोज सकाळी निघण्याआधी सगळे बोल्ट चावीनं एकदा चाचपा. दोन मिनिटांचं काम आहे.

पाणी निवळशंख दिसलं म्हणजे शुद्ध असतं असं नाही. वरच्या अंगाला ओढ्यात काय पडलंय ते दिसत नाही. खळखळून एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू अडवतो, विषाणू अडवत नाही. आणि तो एकदा ओला असताना गोठला तर आतून फुटतो, बाहेरून कळत नाही. थंडीच्या रात्री तो झोपायच्या पिशवीत घ्या. चढताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घेत राहा. भूक लागल्यावर खाल्लं तर पुढचा अर्धा-पाऊण तास पाय चालत नाहीत.

फोनचं गणित जंगलात बिघडतं. दरीत टॉवर सापडत नाही, फोन शोधत राहतो आणि बॅटरी खातो. म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. झाडीखाली सौर पॅनेल निरुपयोगी. डायनॅमो हबवर (चाकाच्या मध्यात बसून वीज बनवणाऱ्या यंत्रावर) भिस्त ठेवत असाल तर तो नीट चार्ज करतो ताशी बारा-पंधराच्या वर, आणि तुम्ही अर्धा दिवस ताशी सहानं चढणार आहात. भरलेली पॉवर बँक न्या आणि एक कागदी नकाशा न्या.

प्राण्यांची भीती बहुतेकांच्या मनात सर्वांत वर असते. कुठल्या जंगलात कोणता प्राणी आहे त्यावर नियम बदलतात, म्हणून ते जंगल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या कचेरीत निघण्याआधी विचारा. कोणत्या वाटांवर सायकल चालते, कुठे परवानगी लागते, रात्री रस्ता बंद असतो का, मुक्काम कुठे करता येतो, हेही तिथेच कळेल. सगळीकडे लागू पडणारी गोष्ट अशी की सायकल वेगात आणि बिनआवाजाची असते. चालणाऱ्याची चाहूल प्राण्याला आधी लागते, तुमची लागत नाही. वळणापलीकडे तुम्ही अचानक त्याच्यासमोर जाता, आणि धोका त्या दचकण्यात असतो. आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवा, बोला, गा. पहाटे आणि तिन्हीसांजेला प्राण्यांची वर्दळ असते, तेव्हा चाकावर असू नका. प्राणी दिसला तर थांबा, त्याला वाट द्या, आई आणि पिल्लाच्या मधे कधीही येऊ नका, आणि फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकू नका. खाणं आणि वासाच्या वस्तू तंबूत ठेवू नका. मुक्कामाला पोचलात की गुडघ्यामागे, काखेत, कंबरपट्ट्याखाली गोचीड बघा. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, जाळू नका.

तंबू लावताना आधी वर बघा, मग खाली: डोक्यावर वाळलेली फांदी लटकत नाही ना, आणि जागा कोरड्या ओढ्याच्या पात्रात नाही ना. थंड हवा रात्री दरीत साचते, तळापासून थोडं वर लावलात तर ऊबदार झोप लागते. पाचोळ्यावर स्टोव्ह पेटवू नका.

आणि सकाळी नीट उजाडलं की लगेच निघा. डोंगरात गडगडाटी पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, दरीत सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि झाडीखाली त्याहूनही आधी अंधारतं. मी दुपारी तीनपर्यंत मोठा चढ मागे टाकते आणि सूर्यास्ताआधी दोन तास मुक्कामाची जागा ठरवते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर कड्यावरून, खिंडीतून आणि एकाकी उंच झाडापासून दूर व्हा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

एकट्यानं जात आहात म्हणून एक व्यवस्था आजच करा. घरच्या एका माणसाकडे रोजचा मार्ग, मुक्कामाची जागा आणि एक ठरलेली वेळ लिहून द्या. त्या वेळेनंतर किती तास वाट बघायची आणि मग कोणाला फोन करायचा, हेही लिहा. नुसतं 'काळजी करू नका, फोन करीन' याचा उपयोग होत नाही, कारण रेंज नसल्यानं फोन आला नाही की पडल्यानं, हे घरी बसलेल्याला कळत नाही.

निघण्याच्या तीन आठवडे आधी सगळं सामान लादून सलग दोन दिवस एखाद्या जवळच्या घाटात जा आणि रात्र बाहेर काढा. तासाला किती मीटर चढलात ते मोजा. तुमचा खरा आकडा तोच, माझा ३०० चा त्यापुढे बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे कसे आहेत ते बघा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे किंवा गिअर जड आहे. आणि त्या दोन दिवसांत पिशवीतून एकदाही बाहेर न निघालेल्या वस्तू वेगळ्या काढा. औषधं, दुरुस्तीचं सामान, सुके कपडे आणि पावसाचं जॅकेट एवढं सोडून बाकी सगळं घरी ठेवा.